सफरचंदाच्या उघड्या खोडाला बगलफूट: दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेच्या नोंदी

१६ डिसेंबर २०२३

आज सफरचंदाची पानगळ केली. चौघी जणी आणि मी, सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत. पानं अजून हिरवीगार होती. हिमाचलात या दिवसांत झाड आपणहून उघडं होतं, आपल्याकडे ते काम हातानं करावं लागतं. अर्धा देठ ठेवून पान खुडायचं. ओढलं तर बगलेतल्या डोळ्याची (जिथून कोंब निघतो त्या कळीची) साल सोलून येते, आणि सगळा जीव तर त्या डोळ्यातच आहे.

पानं उतरल्यावर बांधावर उभं राहून बाग पाहिली आणि वाईट वाटलं. सात गुंठ्यांत ७२ झाडं: ६४ एचआरएमएन-९९ जातीची आणि परागीकरणासाठी ८ दुसऱ्या जातीची, अ‍ॅना. जानेवारीत रोपं लावली तेव्हा अडीच फुटांवर शेंडा मारला होता. वरच्या डोळ्यातून सरळ शेंडा निघाला, त्याच्या खालून दोन-तीन फुटी त्याला घासून वर चढल्या. त्या काढून टाकल्या. पावसाळ्यात शेंडा सात फुटांवर गेला. आणि अडीच फुटांपासून सात फुटांपर्यंत एकही बगलफूट, म्हणजे बगलेतून निघणारी बाजूची फांदी, नाही. ७२ काठ्या रोवल्यासारखी बाग दिसते.

रोपं देणाऱ्यानं सांगितलं होतं, "फांद्या आपोआप येतात." त्याच्या भागात येत असतील. आपल्या भागात अशीच उघडी झाडं तिसऱ्या वर्षी उपटून टाकलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहेत. मालक म्हणतात, इथं सफरचंद येत नाही. माझ्या मते त्या झाडांना फळ धरायला जागाच मिळाली नव्हती.

२० डिसेंबर २०२३

हे असं का होतं ते आधी स्वतःसाठी नीट लिहून ठेवतो.

सफरचंदाच्या डोळ्याला झोपेतून उठण्यासाठी ठरावीक तास थंडी लागते, साधारण ७ अंशांखालची. डोंगराळ भागातल्या जुन्या जातींना हजार तासांच्या आसपास, अ‍ॅनासारख्या कमी थंडीच्या जातींना दोनशे-तीनशे तास. एचआरएमएन-९९ ही हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी खालच्या उष्ण पट्ट्यात जोपासलेली जात, म्हणून तर ती आपल्यापर्यंत पोहोचली. निफाड-दिंडोरीकडे काही पहाटे पारा चांगला खाली जातो, पण दुपारी तोच २८-३० वर चढतो आणि रात्री जमवलेल्या थंडीतली बरीचशी दुपारचं ऊन खाऊन टाकतं. थंडी अपुरी पडली की शेंड्याचा डोळा तेवढा उठतो आणि बगलेतले झोपून राहतात.

त्यावर शेंड्याचा दाब. शेंड्यात ऑक्झिन नावाचं वाढीचं संजीवक तयार होतं, ते सालीलगतच्या थरातून खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना थोपवून धरतं. १९३३-३४ मध्ये केनेथ थिमान आणि फोल्के स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांवर हे दाखवलं. शेंडा कापला की खालचे डोळे फुटतात, पण कापलेल्या जागी ऑक्झिन लावलं तर ते पुन्हा गप्प राहतात. पुढे १९५५ मध्ये याच स्कूगच्या प्रयोगशाळेतून कायनेटिन बाहेर आलं, सायटोकायनिन गटातलं पहिलं ओळखलं गेलेलं संजीवक. डोळ्याला अडवणारं आणि उठवणारं, या दोन्ही बाजूंच्या शोधांत एकच माणूस होता हे वाचून मला फार आनंद झाला.

सायटोकायनिन मुळांकडून वर येतं. डोळ्यापाशी वरून येणारं ऑक्झिन आणि खालून येणारं सायटोकायनिन यांचा तोल कुठे झुकतो, त्यावर डोळ्याचं ठरतं. आमच्या घरात ६-बीए आहेच. तेही सायटोकायनिन. द्राक्षात एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर घडनिर्मितीसाठी १० पीपीएमनं (लिटरला १० मिलिग्रॅम) आम्ही ते फवारतो. तेच इथं डोळ्यावर वापरून पाहायचं.

२८ डिसेंबर २०२३

मांडणी ठरली. मनाच्या समाधानापुरतं करून उपयोग नाही, तुलना हवी. ३२ झाडं निवडली, सगळी एचआरएमएन-९९, करंगळीपेक्षा जाड खोडाची. आठ-आठचे चार गट, झाडावर दोरा बांधून.

पांढरा दोरा: काहीच नाही, फक्त नुसत्या रंगाचा ठिपका, म्हणजे रंगाचाच काही परिणाम असेल तर तो कळेल. पिवळा: डोळ्याच्या वर खाच. निळा: डोळ्यावर ६-बीएची, रंगात घोटलेली पेस्ट. लाल: खाच आणि पेस्ट दोन्ही.

गट ओळीनं घेतले नाहीत. विहिरीकडची जमीन भारी आहे, रस्त्याकडे मुरूम. सगळे लाल विहिरीकडे गेले असते तर श्रेय औषधाला द्यायचं की मातीला हे कळलं नसतं.

प्रत्येक झाडावर तीन ते सहा फुटांच्या दरम्यान १२ डोळे. सफरचंदाचे डोळे खोडाभोवती गोल चढत जातात. एका डोळ्यापासून मोजत वर गेलं तर खोडाला दोन वेढे होऊन सहावा डोळा पुन्हा पहिल्याच्या डोक्यावर येतो. म्हणून दोन सोडून तिसरा असा डोळा धरला की फांद्या चारी अंगांना वाटल्या जातात. दोन झाडांचे डोळे मोजून पाहिले, बरोबर निघालं.

दादा (माझे वडील) दुपारी येऊन पाहून गेले. म्हणाले, "द्राक्षात आपण बगलफुटी काढायला मजूर लावतो, आणि इथं त्या यायला औषध लावतोस." मी म्हणालो, दादा, वेलाला तार आणि ओलांडा (आडवं खोड) आपण देतो, या झाडाला स्वतःचाच मांडव करायचा आहे.

७ जानेवारी २०२४

पेस्ट बिघडली. ६-बीएची पावडर सरळ पांढऱ्या रंगात टाकून घोटली होती. दादांनी काचेवर एक थेंब पसरून उजेडाकडे धरला आणि मला दाखवला: सगळे दाणे. असं लावलं असतं तर एका डोळ्याला दहापट मिळालं असतं आणि शेजारच्याला काहीच नाही. अर्धा ग्रॅम वाया गेलं. झाडावर लावलं नाही हे नशीब.

११ जानेवारी २०२४

आज नीट जमलं. कृती लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी हीच वही उघडायची आहे.

६-बीए साध्या पाण्यात फारच थोडं विरघळतं, एका लिटरमध्ये शंभर मिलिग्रॅमसुद्धा नाही. अल्कलीत विरघळतं. १०० मिलि पाण्यात ५.६ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश. हातमोजे आणि चष्मा घालूनच, पोटॅश पाण्यात टाकायचा, पाणी पोटॅशवर ओतायचं नाही. त्यातलं १२ मिलि घेऊन त्यात अर्धा ग्रॅम ६-बीए, कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली धरून हलवत राहिलो. दहा मिनिटांत द्रावण स्वच्छ झालं. मग ते थेंब थेंब करत पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगात, सतत ढवळत, एकूण १०० मिलि. म्हणजे ५००० पीपीएम. काचेवर दाणा नाही.

द्राक्षातले १० पीपीएम आणि हे ५०००, आकडा ऐकून माणूस घाबरतो. पण फवारणीत सगळी वेल भिजते, इथं एका डोळ्यावर मसुराएवढा ठिपका बसतो. शिवाय ६-बीए झाडात फारसं फिरत नाही, लावलं तिथंच काम करतं. तीच त्याची मर्यादा, आणि माझ्या कामापुरती तीच त्याची मोठी सोय आहे. कोणता डोळा उठवायचा ते मला ठरवता येतं.

चुलतभावानं फोनवर विचारलं, "सोबत जीए का नाही घालत? अमेरिकेत तर दोन्ही एकत्र वापरतात." खरं आहे. जीए म्हणजे जिबरेलिन, वाढीचं आणखी एक संजीवक. तिकडं प्रोमालिन नावाच्या द्रावणात ६-बीए आणि जीए ४+७ प्रत्येकी १.८ टक्के असतात, ते रंगात मिसळून डोळ्यांना लावतात. पण आपल्या कपाटातलं, मण्यांच्या फुगवणीचं जीए म्हणजे जीए ३. ते वेगळं. सफरचंदात जीए ३ फुलकळी तयार होण्याला मारक ठरतं. जीए म्हणजे जीए असं समजून द्राक्षाचं पाकीट इथं वापरलं तर फांदी लांब होईल आणि पुढच्या हंगामात फुलं हुडकत फिरावं लागेल. म्हणून नुसतं ६-बीए.

१४ जानेवारी २०२४

उद्या संक्रांत. गटांबाहेरच्या दोन झाडांवर आजच पेस्ट लावून पाहिली, प्रत्येकी १२ डोळे. डोळे अजून तपकिरी, खोडाला चिकटून घट्ट बसलेले आहेत. लवकर लावून चालतं का, एवढंच पाहायचं.

शेजारचे बाबा रस्त्यावरून जाताना थांबले. "झाडांना चुना लावला का काय?" त्यांना सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "फुटली तर मला बोलव." बोलावणार.

२५ जानेवारी २०२४

आज मुख्य काम. तीन दिवसांपासून शेंड्याचे डोळे फुगत होते, आज बऱ्याच झाडांवर खवले सैल होऊन आतली रुपेरी लव दिसायला लागली. द्राक्षात ज्याला आपण डोळे कापसले म्हणतो तसंच. ही वेळ धरायची: डोळा जागा व्हायला लागलाय, पण कोंब बाहेर पडलेला नाही.

खाच लोखंड कापायच्या पात्याच्या तुकड्यानं. डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर, खोडाच्या घेराच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, साल कापून पातं लाकडाला टेकलं की थांबायचं. पात्याखाली साल मऊ लागते आणि लाकूड आलं की हाताला करकर कळते. दुसऱ्या-तिसऱ्या झाडापासून हात बसला, पहिल्या झाडावर दोन खाचा जास्त खोल गेल्या आहेत. खाच वरच का, तर वरून येणारं ऑक्झिन तिथं अडतं आणि त्या डोळ्यापुरता शेंड्याचा दाब सुटतो. डोळ्याच्या खाली खाच दिली तर उलटं होतं, मुळाकडून येणारंच कमी पडतं. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटनं पुसलं.

पेस्ट मुलीच्या रंगपेटीतल्या ४ नंबरच्या ब्रशनं लावली. (ब्रश आता परत द्यायचा नाही, तिला नवा आणून दिला.) डोळा आणि त्याच्याभोवतीची साल, दोन्ही झाकलं पाहिजे. शेंड्याकडचा एक फूट मोकळा सोडला, तिथले डोळे तसेही फुटतात. सकाळी साडेसातला सुरू केलं, साडेअकराला संपलं. ३८४ डोळे.

१२ फेब्रुवारी २०२४

द्राक्षाचा खुडा (काढणी) सुरू आहे, इकडं यायला चार दिवस मिळाले नाहीत. आज संध्याकाळी उजेड जाता जाता फेरी मारली. लाल दोऱ्याच्या झाडांवर हिरवी टोकं दिसली. तीन फुटांवरचा, सगळ्यात खालचा डोळाही हलला आहे. मोबाइलच्या उजेडात एकेक पाहत गेलो. घरी यायला आठ वाजले.

२१ फेब्रुवारी २०२४

एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. फुटलेल्या डोळ्यांपैकी काहींतून फांदीऐवजी फुलांचा झुबका निघाला. सफरचंदाचा फूलडोळा मिश्र असतो, त्यात फुलंही असतात आणि पानंही. आपल्याकडे गेल्या वर्षीच्या कोवळ्या काडीवरसुद्धा तो तयार झालेला दिसतो. फुलं खुडली, बुडाची पानं राखली. त्याच बुडातून पुढे बारीक फूट निघते, ती मिळाली तरी चालेल. आईला फुलं तोडलेली आवडली नाहीत. तिला म्हटलं, यंदा फळ धरलं तर फांदी मरेल. तिनं एक झाड मागून घेतलं. ते तिचं झाड, त्याला मी हात लावणार नाही. ते गटांतलं नाही.

१० मार्च २०२४

लावल्यापासून ४५ दिवस. मोजणी केली. चार इंचांपेक्षा लांब फूट तेवढीच धरली, प्रत्येक गटात ९६ डोळे.

पांढरा ९. पिवळा ३४. निळा ४१. लाल ६७.

हा आकडा पाहून खूप बरं वाटलं, पण खरी गंमत त्याच्या आत आहे. तीन ते साडेचार फुटांमधल्या, म्हणजे खालच्या निम्म्या डोळ्यांचं वेगळं मोजलं. पांढरा: शून्य. पिवळा ११, निळा १५, लाल २९. वरच्या अंगाला फुटी आणणं कठीण नाही, शेंडा मारला तरी येतात. झाडाचा पहिला मजला तयार होतो तो याच दीड फुटात, आणि तिथं काहीच न केलेल्या झाडानं एक डोळासुद्धा उघडला नाही. खाच आणि पेस्ट यांची कामं वेगळी आहेत असं मला यावरून दिसतं. खाचेनं वरचा दाब उतरतो, पेस्टनं डोळ्याला उठायचा निरोप जातो. एक केलं आणि दुसरं नाही, तर अर्धं काम.

१४ जानेवारीच्या दोन झाडांवर २४ पैकी ६. तीच बाटली, तोच ब्रश, तोच हात, फरक फक्त अकरा दिवसांचा. निळ्या गटाच्या मानानं निम्म्याहून थोडं जास्त. झाडं दोनच आहेत, त्यामुळे यावर फार जोर देत नाही, पण पुढच्या वर्षी घाई करणार नाही.

न फुटलेल्या काही डोळ्यांवर नखानं खरवडून पाहिलं. बरेच आत हिरवे आहेत, म्हणजे जिवंत. लाल गटातले चार मात्र कोरडे निघाले, त्यातले दोन त्या पहिल्या झाडावरचे, जिथं खाच खोल गेली होती.

शेजारच्या बाबांना बोलावलं. ते प्रत्येक फुटीला बोट लावून पाहत गेले आणि पांढऱ्या दोऱ्याच्या झाडापाशी थांबून म्हणाले, "याला का नाही लावलं? याचं काय चुकलं?" मला उत्तर सुचलं नाही. तुलनेसाठी ठेवलं हे खरं, पण त्या झाडाचं एक वर्ष गेलं हेही खरं.

१८ मार्च २०२४

फुटींचे कोन. नव्या फुटी सरळ वर जायला बघतात. खोडाशी अरुंद कोन राहिला तर बेचक्यात साल दबते, पुढे फळाच्या ओझ्यानं फांदी तिथूनच फाटते. कपड्यांचे लाकडी चिमटे आणले, दहा डझन. फूट चार-सहा इंचांची आणि लवचीक असतानाच तिच्या वर, खोडाला आडवा चिमटा लावायचा, म्हणजे फूट बाहेर ढकलली जाते. दुपारी फूट जास्त लवते, सकाळी पाण्यानं ताठ असते आणि मोडते. सकाळी तीन मोडल्यावर हे कळलं.

४ एप्रिल २०२४

खरड छाटणी सुरू. सफरचंदाला फक्त पाणी आणि उसाच्या पाचटाचं आच्छादन. चिमटे तसेच आहेत.

९ मे २०२४

पांढऱ्या दोऱ्याच्या तीन झाडांचे शेंडे मार्चअखेर सुतळीनं जवळजवळ आडवे करून बांधले होते. बाबांच्या प्रश्नानंतर त्यांना तसंच सोडवेना. आज पाहिलं तर वाकवलेल्या भागाच्या वरच्या अंगाला फुटी आल्या आहेत, जोरात, पण सगळ्या आभाळाकडे सरळ. शेंडा आडवा झाला की त्याचा दाब ढिला पडतो आणि सगळ्यात उंचावरचे डोळे जागे होतात. एका पैशाचं औषध नाही. पण या फुटी मला हव्या त्या जागी नाहीत, वाकलेल्या पाठीवर आहेत. फांदी मिळाली, आकार मिळाला नाही. प्रत्येक झाडावर दोन राखल्या, बाकी काढल्या.

१९ जून २०२४

पाऊस आला, शेंडे पुन्हा धावायला लागले. पुन्हा तेच: यंदाचा नवा शेंडा वर चाललाय आणि त्याला बगलफूट नाही. परदेशी रोपवाटिकांत वाढत्या शेंड्यावर ६-बीए फवारून तिथल्या तिथं फांद्या आणतात, म्हणजे विकायच्या वेळी रोपाला आधीच आठ-दहा फांद्या असतात. नेदरलँड्समध्ये तर रोप खाली कापून एकाच डोळ्यावर पुन्हा वाढवतात आणि त्या नव्या वाढीवर फांद्या घेतात. क्निप म्हणतात त्याला. आपल्याला मिळतं ते नुसतं शिपटं. रोपवाटिकेनं हे एवढं जरी केलं तरी शेतकऱ्याची दोन वर्षं वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

दहा झाडांवर ३०० पीपीएम फवारायचं ठरवलं. जानेवारीसारखंच पोटॅशमध्ये विरघळवून दोन लिटर पाण्यात ओतलं आणि सामू खाली आणायला सायट्रिक अ‍ॅसिड टाकलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. सामू उतरला की ६-बीए पुन्हा दाण्यांच्या रूपात बाहेर पडतं, आणि ३०० पीपीएम हे पाण्याच्या ताकदीबाहेरचं आहे. द्राक्षात १० पीपीएमला हे कधी दिसलंच नव्हतं, कारण तेवढं पाण्यात मावतं. पेस्टमध्ये रंगानं धरून ठेवलं होतं. ओतून दिलं.

२२ जून २०२४

६-बीएचं तयार २ टक्के द्रावण आणलं. लिटरला १५ मिलि म्हणजे ३०० पीपीएम. स्टिकर (द्रावण पानाला चिकटून राहावं म्हणून) टाकलं. हातपंपानं फक्त शेंड्याचा वरचा एक फूट ओला केला, संध्याकाळी साडेपाचला. सव्वासातला पावसाची सर आली.

२५ जून, ५ जुलै, १५ जुलै २०२४

तीन फवारण्या, उघडीप पाहून. २२ तारखेची धरलीच नाही.

दुसरीनंतर शेंड्याची कोवळी पानं आखडली, वाढ थांबल्यासारखी वाटली. दोन दिवस काळजीत गेले. मग लक्षात आलं, शेंडा थोडा वेळ थबकणं हाच तर हेतू आहे. आठवड्यानं पानं सरळ झाली.

११ ऑगस्ट २०२४

दहापैकी सात झाडांच्या नव्या शेंड्यावर तीन ते सहा बगलफुटी. या फुटींचे कोन चिमट्याशिवायच रुंद आहेत, जवळजवळ आडवे. जानेवारीच्या फुटींपेक्षा या जास्त देखण्या आहेत.

तीन झाडांवर काहीच नाही. तिन्ही रस्त्याकडची, मुरमातली. जूनमध्येच त्यांचे शेंडे इतरांपेक्षा फूटभर मागे होते. थांबलेल्या शेंड्यावर फवारून उपयोग नाही, वाढीचा जोर असेल तरच त्यातला थोडा बगलेत वळतो. संजीवक हे खत नाही. झाडाकडे द्यायला काही असलं तर ते कुठे द्यायचं एवढंच ते सांगतं. मुरमातल्या ओळीला आधी शेणखत आणि पाणी, मग औषध.

दुसरं: सततच्या पावसात लाल गटातल्या दोन झाडांच्या खाचांवर साल काळपट पडून खचली आहे. मार्चमध्ये खाचा भरून आल्या असं समजून लक्ष काढून घेतलं, ती माझी चूक. खराब साल खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावली. यापुढे खाच दिल्यापासून पंधरा दिवसांत एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

३ नोव्हेंबर २०२४

दिवाळी संपत आली, थोडा वेळ मिळाला. लाल गटाच्या आठ झाडांवर उरलेल्या फांद्या मोजल्या: ५८. मार्चमधल्या ६७ पैकी काही वाऱ्यानं, काही माझ्या हातून मोडल्या, दोन त्या काळ्या पडलेल्या खाचांबरोबर गेल्या. बऱ्याच फांद्या अडीच-तीन फुटांच्या. त्यातल्या ज्या खोडाच्या निम्म्याहून जाड झाल्या आहेत त्या काढाव्या लागतील, नाहीतर त्याच पुढे शेंड्याला भारी पडतील. अशा सात आहेत. कात्री हातात घेऊन उभा राहिलो, पण आज कापवलं नाही. पानगळीनंतर बघू.

आईच्या झाडावर जूनमध्ये चार सफरचंदं आली होती, लहान, पिवळट, एका गालावर लाली. चौघांनी एकेक खाल्लं. आंबटगोड होती. तिच्या झाडाला फांदी एकच आहे.

१५ डिसेंबर २०२४

उद्या पानगळ. या वेळी गट नाहीत, पांढरा दोरा कुणालाच नाही. गेल्या वर्षी राहिलेली, भारी जमिनीतली ३० झाडं घ्यायची, सगळ्यांना खाच आणि पेस्ट, पण प्रत्येकी १० डोळे आणि त्यातले सहा साडेचार फुटांच्या खाली. मुरमातली ओळ यंदा फक्त खतपाण्यावर. पांढऱ्या दोऱ्याच्या पाच झाडांना दोन वर्षांच्या लाकडावर खाच देऊन पाहायची आहे, तिथं डोळा जागा होतो का ते.

दादांनी आज न सांगता लाल दोऱ्याचं रीळ आणलं. ३० झाडं, १० डोळे, ३०० ठिपके. १०० मिलि पेस्ट पुरून उरेल. मुलीनं विचारलं, ब्रश परत लागणार का. तिला सांगितलं, आपल्याकडे आहे.